अरोरा : एका धर्मगुरूची एकुलती एक मोटार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पूल नावाचे बंदर आहे. (आपल्या पुलाशी त्या नावाचा काही संबंध नाही.) तेथील अँडी साँडर्स हे कारागीर जुन्या मोटारींना अघटित रूप देण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. एका मिनी मोटारीची उंची त्यांनी इतकी कापली, की ती उभ्या माणसाच्या कमरेलाही लागेना. एका जुन्या सित्रोएनला त्यांनी पिकासोच्या घनवादी चित्रासारखे मोडून जोडले. कुरूप आणि सुरूप यांतली सीमारेषा या माणसाने स्वतःच्या हाताने अनेकदा पुसली होती. अशा माणसालाही एका पुस्तकातल्या जुन्या छायाचित्राने खिळवून ठेवले. ते छायाचित्र एका अमेरिकन मोटारीचे होते. तिचे नाव अरोरा आणि साल १९५७.

मोटारीचे तोंड देवमाशाने जबडा वासावा तसे पुढे आलेले होते. पुढची काच सरळ किंवा तिरपी नव्हती, तर फुंकून फुगवलेल्या बुडबुड्यासारखी बाहेर आली होती. छत पारदर्शक होते. अंगावर इतकी वळणे, खोबण्या आणि फुगवटे होते, की नजर एका जागी ठरत नसे. जगातील सर्वांत कुरूप मोटार ही पदवी वृत्तपत्रांनी तिला पुढे अनेकदा बहाल केली, आणि प्रामाणिकपणे पाहता ती अगदीच अन्यायाची नाही. साँडर्स यांनी मात्र छायाचित्र पाहताक्षणी ठरवले, की इतकी कुरूप वस्तू आपल्याकडेच असली पाहिजे. हौशी माणसाचे तर्कशास्त्र निराळे असते.

मोटार हवी असेल तर आधी ती कोठे आहे हे कळायला हवे, आणि येथेच खरी अडचण होती. अरोरा एकच बनली होती. कारखान्याच्या नोंदवह्या, सुट्या भागांच्या याद्या, विक्रेते, जुने गिऱ्हाईक यांपैकी काहीही अस्तित्वात नव्हते. ज्या वस्तूच्या हजार प्रती निघतात, तिचा इतिहास हजार ठिकाणी सांडलेला असतो आणि त्यातला थोडा तरी उरतो. एकुलत्या एका वस्तूचा इतिहास त्या वस्तूबरोबरच गंजतो. साँडर्स यांचा शोध १९९३ साली संपला. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील चेशायर गावी एका मोटार दुरुस्तीच्या कार्यशाळेमागे, उघड्यावर, ऊनपाऊस आणि बर्फ खात अरोरा उभी होती. त्यांनी ती प्रत्यक्ष न पाहताच १,५०० डॉलरना विकत घेतली. ती इंग्लंडला आणण्यासाठी २,००० डॉलर पडले. वाहतूक वस्तूपेक्षा महाग झाली.

ही मोटार कोणा लहरी कोट्यधीशाने बनवली असती, तर तिची गोष्ट येथेच आटोपती घेता आली असती. पण तिचा कर्ता होता एक कॅथलिक धर्मगुरू.

फादर आल्फ्रेड ज्युलियानो हे ‘होली घोस्ट’ नावाच्या धर्मसंघाचे सदस्य. कनेक्टिकटमधील ब्रॅनफर्ड येथे ते असत. धर्मदीक्षा घेण्यापूर्वी त्यांनी कलेचे शिक्षण घेतले होते आणि मोटारींच्या रचनेची त्यांना विलक्षण ओढ होती. त्यांच्या घराण्यात एक गोष्ट सांगितली जाते. जनरल मोटर्सचे विख्यात रचनाकार हार्ली अर्ल यांच्या हाताखाली शिकण्याची शिष्यवृत्ती तरुण ज्युलियानोंना मिळाली होती, पण तिचे पत्र पोहोचले ते दीक्षाविधी झाल्यानंतर. गोष्ट इतकी नेटकी आहे, की तिच्यावर थोडा संशय घ्यावा. पण ती खरी असो वा रंगवलेली, दीक्षा घेतल्यावरही या माणसाच्या मनातली मोटार सुटली नव्हती, एवढे तिच्यातून नक्की कळते.

ती मोटार सुटली नाही, पण तिचे प्रयोजन बदलले. १९५०च्या दशकात अमेरिकेत मोटार ही ऐश्वर्याची ध्वजा झाली होती. युद्ध संपले होते, कारखाने रणगाडे आणि विमाने सोडून पुन्हा मोटारींकडे वळले होते, पेट्रोल स्वस्त होते आणि देशभर नवे महामार्ग बांधले जात होते. मोटारींना विमानाचे पंख फुटले, क्रोमियमचे दागिने चढले, एंजिनांची अश्वशक्ती दर वर्षी वाढत गेली. त्याच रस्त्यांवर वर्षाला पस्तीस हजारांहून अधिक माणसे मरत होती. त्या मोटारींत चालकाच्या छातीसमोर स्टेअरिंगचा ताठ लोखंडी दांडा असे. टक्कर झाली की तो भाल्यासारखा छातीत घुसे. डॅशबोर्ड पत्र्याचा आणि कडक होता. सीटबेल्ट बहुतेक गाड्यांत नव्हताच. उलट अपघातात गाडीबाहेर फेकले जाणेच बरे, अशी पुष्कळांची समजूत होती. अपघात हा चालकाचा दोष, मोटारीचा नव्हे, हे डेट्रॉइटच्या कारखानदारांचे सोयीस्कर तत्त्व होते. १९५६ साली फोर्ड कंपनीने सीटबेल्ट आणि मऊ डॅशबोर्ड यांची जाहिरात करून पाहिली. फोर्ड सुरक्षा विकते आणि शेवरोले मोटारी विकते, अशी त्यावर थट्टा झाली आणि प्रयत्न मंदावला.

या वातावरणात ब्रॅनफर्डच्या धर्मगुरूने जगातील सर्वांत सुरक्षित मोटार बनवायला घेतली. आराखड्याला दोन वर्षे लागली आणि बांधणीला तीन. पाया म्हणून १९५३ सालच्या ब्यूइक रोडमास्टर गाडीची चासी घेतली. तिच्यावर लाकडी सांगाडा उभारला आणि त्यावर फायबरग्लासचे अंग चढवले. लांबी सुमारे अठरा फूट झाली.

आज ज्या गोष्टी आपण मोटारीत गृहीत धरतो, त्यांची यादीच त्या एका गाडीत सापडते. चारही प्रवाशांसाठी सीटबेल्ट. उलटल्यास छत दबू नये म्हणून आतून पोलादी पिंजरा. बाजूच्या धडकेसाठी दारांत आडव्या पट्ट्या. टक्कर होताच आत दुमडणारा स्टेअरिंगचा दांडा. मऊ अस्तराचा डॅशबोर्ड. स्टेपनी पुढच्या बाजूस अशी ठेवली होती, की समोरच्या धडकेचा काही भार तिने सोसावा. चाक बदलताना रस्त्यावर आडवे पडून जॅक लावावा लागू नये म्हणून गाडीतच हैड्रॉलिक जॅक बसवले होते. काच बुडबुड्यासारखी का, याचेही उत्तर येथेच मिळते. ती चेहऱ्यापासून दूर राहावी, म्हणजे पुढे फेकलेले डोके तिच्यावर आपटणार नाही. ज्या आकाराला लोक हसले, त्या आकारामागे फुटलेल्या कपाळांचा हिशेब होता. त्या काचेच्या वळणामुळे पावसाचे पाणी आपोआप निघून जाईल आणि वायपर लागणार नाहीत, असाही दावा होता. त्यावर विश्वास ठेवण्यासाठी मात्र श्रद्धाच हवी.

काही कल्पना तर्काच्या पुढे धावलेल्या होत्या, हे मान्य करावे लागेल. आसने वळवता येत. टक्कर अटळ दिसली की प्रवाशांनी पाठमोरे व्हावे, म्हणजे आघात पाठीवर पसरून सोसला जाईल, असा विचार होता. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. पण टक्कर अटळ आहे हे कळणे आणि टक्कर होणे यांत आसन फिरवण्याएवढा वेळ कोणाला मिळतो?

या सगळ्यांत सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट मोटारीच्या बाहेर आहे. तो वासलेला जबडा, ज्यामुळे अरोरा इतकी विद्रूप दिसते, तो फोमने भरलेला होता. मोटारीसमोर पायी चालणारा माणूस आला आणि धडक टळली नाही, तर त्याला चिरडून किंवा उडवून न देता या मऊ तोंडाने अलगद उचलून घ्यावे, अशी योजना होती. त्या काळी सुरक्षेचा विचार करणारे जे थोडे लोक होते, त्यांचा विचारही मोटारीच्या आत बसलेल्यांसाठी होता. गिऱ्हाईक आत बसते आणि पैसे तेच देते. बाहेरच्या माणसाने मोटार विकत घेतलेली नसते. त्याच्यासाठी फोमचा खर्च कोण करणार? इतर गाड्यांच्या नाकांवर त्या वर्षी टोकदार धातूची आभूषणे बसवलेली होती. ज्युलियानोंनी मात्र जी व्यक्ती आपल्या गाडीत कधीच बसणार नाही, तिच्यासाठी गाडीचे तोंडच बदलले. हा जबडा प्रत्यक्षात किती उपयोगी ठरला असता हे कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेले नाही, आणि कदाचित फारसा ठरलाही नसता. तरी १९५७ साली हा प्रश्न कोणीतरी विचारला होता, याची नोंद घ्यायला हवी.

मोटार तयार झाली. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या हडसन हॉटेलात सकाळी ८ वाजता पत्रकारांना ती दाखवायचे ठरले. ब्रॅनफर्ड ते मॅनहॅटन हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. सकाळी लवकर निघाले तर सहज गाठण्यासारखे. पण बांधणीच्या इतक्या वर्षांत एक गोष्ट राहून गेली होती. मोटार रस्त्यावर चालवून पाहिलेलीच नव्हती. पेट्रोलच्या मार्गात इतक्या दिवसांचा गाळ साचलेला होता. गाडी निघाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. त्या एका प्रवासात ती १५ वेळा बंद पडली आणि सात निरनिराळ्या गॅरेजांत ओढून न्यावी लागली. दर ठिकाणी पेट्रोलची नळी साफ करायची आणि पुढचा तुकडा गाठायचा. हडसन हॉटेलासमोर अरोरा उभी राहिली तेव्हा दुपारचे चार वाजायला आले होते.

माणसाचे प्राण वाचवण्यासाठी इतका बारकाईने विचार केलेली गाडी एका तुंबलेल्या नळीने हरवली. पत्रकारांना दिवसभर तिष्ठत ठेवल्यावर त्यांच्याकडून कौतुकाची अपेक्षा करता येत नाही. शिवाय समोर आली ती मोटार अशी दिसत होती. सुरक्षेवर बोलायचे होते आणि बोलणे झाले ते रूपावर.

किंमत ठेवली होती १२,००० डॉलर. त्या वर्षी साधी शेवरोले सव्वादोन हजार डॉलरांच्या आसपास मिळे. अरोरापेक्षा महाग अमेरिकन गाडी म्हणजे कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम, जिची किंमत १३,०७४ डॉलर होती. स्वतः ज्युलियानोंना ही पहिली गाडी सुमारे ३०,००० डॉलरना पडली होती. मागणी आली नाही. दुसरी अरोरा कधी बनलीच नाही.

यानंतरचा भाग दुःखद आहे आणि तो झाकून चालणार नाही. अरोरा मोटर कंपनीत जो पैसा गेला, त्यातला काही ज्युलियानोंच्या स्वतःच्या कर्जाचा होता आणि काही त्यांच्या चर्चमधील भाविकांनी दिलेला होता. कंपनी बुडाली तेव्हा भाविकांच्या पैशाचा गैरवापर झाला, असा आरोप झाला. करखात्याची चौकशी लागली. एका बड्या मोटार कंपनीने आपल्यामागे ही चौकशी लावून दिली, असे ज्युलियानोंचे म्हणणे होते. अखेर त्यांना धर्मसंघ सोडावा लागला आणि मोटार दुरुस्तीच्या थकलेल्या बिलापोटी कार्यशाळेकडे राहिली. ती हातोहात फिरत शेवटी चेशायरच्या त्या आवारात विसावली.

विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब चोख असला पाहिजे, याविषयी दुमत असू शकत नाही. दाता जेव्हा धर्मगुरूच्या हाती रक्कम ठेवतो, तेव्हा तो मोटारीच्या व्यवसायातली जोखीम पत्करत नसतो. तो माणसावरची श्रद्धा व्यक्त करत असतो. ती रक्कम अशा धाडसात घालताना ज्युलियानोंनी अधिक विचार करायला हवा होता. हेतू शुद्ध होता म्हणून वही तपासायची नाही, असे होत नाही. मात्र ज्या माणसाने स्वतः कर्जबाजारी होऊन एकच गाडी बनवली आणि तिच्यातून एक डॉलरही मिळवला नाही, त्याला सरळ लबाड म्हणून मोकळे होणेही सोपे नाही. लबाडी करायची असती तर पादचाऱ्यासाठी जबड्यात फोम भरण्याची गरज नव्हती. अशा माणसांविषयी निवाडा देणे कठीण असते, आणि ज्यांचे पैसे गेले त्यांना हा निवाडा आणखी कठीण गेला असेल.

त्याच्या काही वर्षे आधी प्रेस्टन टकर यांची कथा घडली होती. त्यांनीही सुरक्षेचा विचार असलेली मोटार १९४८ साली आणली. त्यांच्यावरही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचा खटला झाला आणि १९५० साली ते निर्दोष सुटले. परंतु टकर यांच्या ५१ गाड्या बनल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक टिकल्या. त्या गाड्यांनी आपल्या कर्त्याची बाजू पुढे अनेक वर्षे मांडली. ज्युलियानोंची बाजू मांडणारी एकच साक्षीदार होती, आणि ती चेशायरमध्ये गवतात उभी होती.

ज्युलियानोंच्या कल्पनांचे पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. १९५९ साली व्होल्व्हो कंपनीच्या नील्स बोहलिन यांनी आजचा तीनबिंदू सीटबेल्ट आणला. १९६५ साली राल्फ नेडर यांचे असुरक्षित मोटारींवरचे पुस्तक गाजले, १९६६ साली अमेरिकेत मोटार सुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८च्या गाड्यांपासून सीटबेल्ट व आघाताने दुमडणारे स्टेअरिंग सक्तीचे झाले. दारांतल्या पट्ट्या १९७०च्या दशकात आल्या. यांतले काही अरोरावरून उचलले गेले, असा दावा करण्यात अर्थ नाही. विमानशास्त्र, लष्करी प्रयोग आणि विद्यापीठे यांतून हे ज्ञान वेगवेगळ्या वाटांनी पुढे येत होते. अरोरा त्या प्रवाहाच्या कडेला एकटी उभी होती. पण ज्या वर्षी ती हसण्यावारी नेली गेली, त्या वर्षी ती बहुतेक बाबतींत बरोबर होती.

१९८९ साली ज्युलियानो वारले. त्यानंतर चार वर्षांनी त्यांची मोटार समुद्र ओलांडून पूल येथे पोहोचली.

तिची अवस्था न पाहता केलेल्या खरेदीला साजेशी होती. उघड्यावर काढलेल्या वर्षांनी फायबरग्लास भेगाळला होता, आतले लाकूड कुजले होते, चासी गंजली होती. पारदर्शक प्लास्टिकचे भाग निकामी झाले होते. सर्वसाधारण जुन्या गाडीची दुरुस्ती करताना दुसऱ्या गाडीचे सुटे भाग मिळतात, निदान मोजमाप घेण्यासाठी तरी एखादी गाडी कोठेतरी उभी असते. येथे यंत्रभाग ब्यूइकचे होते म्हणून तेवढे मिळण्यासारखे होते. बाकीचे अंग जगात दुसरीकडे कोठेच नव्हते. तो फुगीर काचेचा बुडबुडा कोणत्याही दुकानात मिळणार नव्हता. हाताशी होती ती जुनी छायाचित्रे आणि मोडकी मोटार.

अशा कामात दुरुस्ती आणि संशोधन वेगळे राहत नाहीत. तुटलेला भाग पुन्हा घडवायचा तर तो कशासाठी होता हे आधी समजून घ्यावे लागते. काच इतकी पुढे का, तोंड इतके मोठे का, स्टेपनी तिथे का, या प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय वाकवलेला पत्रा आणि ओतलेला फायबरग्लास योग्य जागी बसत नाही. कुरूपतेवर भाळून मोटार घेणाऱ्या माणसाला तिच्या प्रत्येक विद्रूप वळणामागचे कारण स्वतःच्या हातांनी पुन्हा घडवावे लागले. साँडर्स यांना आपल्या आवडीप्रमाणे तिच्यात फेरफार करता आले असते. त्यांचा व्यवसायच तो होता. या एका गाडीच्या बाबतीत त्यांनी तो हात आवरला आणि ती ज्युलियानोंनी बनवली तशीच पुन्हा उभी केली. आयुष्यभर इतरांच्या मोटारी बदलणाऱ्याने एक मोटार न बदलण्यासाठी बारा वर्षे घालवली.

ते काम चालू असतानाच, २००३ साली, युरोपीय संघाने मोटारीचा पुढचा भाग पादचाऱ्याला कमीत कमी इजा करील असाच असावा, असा निर्बंध नव्या गाड्यांसाठी मंजूर केला. पादचाऱ्यासाठी बाहेरच्या बाजूस फुगणारी हवेची पिशवी व्होल्व्होने २०१२ साली बाजारात आणली. या दोन वर्षांच्या मध्ये, २००५च्या उन्हाळ्यात, अरोरा गुडवुड येथील प्रसिद्ध मोटार महोत्सवात लोकांसमोर आली आणि पुढे ब्यूली येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात मांडली गेली. शर्यतीच्या देखण्या गाड्यांच्या त्या मेळ्यात तो वासलेला जबडा आणि तो बुडबुडा पाहून लोक पुन्हा हसले. हसून झाल्यावर त्यांच्यातले काही जण वाकून आत पाहू लागले.